बहिष्कार, छापील यादी आणि परतीची वाट

दोषी ठरलेल्या माणसाला चारचौघांत लाजवून शिक्षा करण्याची रीत महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात दीर्घकाळ चालत आलेली आहे आणि तिची दोन रूपे ठळकपणे दिसतात. पहिले रूप धिंडीचे, म्हणजे अपराध्याला विद्रूप करून, गाढवावर किंवा उंटावर बसवून गावभर फिरवण्याचे. आणि दुसरे बहिष्काराचे, म्हणजे त्याच्याशी असलेला रोटी-बेटीचा, पाण्याचा व बोलण्याचालण्याचा व्यवहार तोडून त्याला वाळीत टाकण्याचे. १७९१ साली पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कैदेत काही तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा संतप्त जमावापुढे पेशवाई दरबाराने नमते घेऊन त्याला लोकांच्या हवाली केले आणि लोकांनी त्याची धिंड काढून त्याला दगडांनी ठेचून मारले. घाशीरामाचा जुलूम खरा होता, तरीही शिक्षेचे माप एकदा जमावाच्या हाती गेले की ते कुठवर जाते, याचा दाखला म्हणून ही घटना स्मरणात ठेवावी लागते. समाजमाध्यमांवर आज एखाद्याच्या चुकीच्या शब्दावरून वा कृतीवरून हजारो अनोळखी माणसे त्याच्यावर तुटून पडतात, त्याची नोकरी आणि अब्रू दोन्ही धोक्यात येतात. या प्रकाराचे साधन नवे असले, तरी त्याची मुळे या जुन्या रीतीत शोधता येतात.

बहिष्काराची जुनी चौकट समजून घेण्यासाठी ग्रामण्य ही संकल्पना ध्यानात घ्यावी लागते. एखाद्याने जातिधर्माविरुद्ध आचरण केले असा आरोप झाला की त्यावरून जातबांधवांत उठणारा वाद, त्यात पडणारे तट आणि अखेरीस लादला जाणारा बहिष्कार या सगळ्या प्रकरणाला मिळून ग्रामण्य म्हटले जाई. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ साली या विषयाचा इतिहास स्वतंत्र ग्रंथात मांडला. आरोपाचा विचार जातीची सभा, विद्वान ब्राह्मणांची धर्मसभा किंवा शंकराचार्यांचे पीठ करीत असे, आणि दोष मान्य झाल्यास प्रायश्चित्त सांगितले जाई, म्हणजे व्रत, दान, दंड किंवा जातीला भोजन अशी ठरावीक भरपाई. ती पुरी केल्यावर त्या व्यक्तीला पुन्हा पंक्तीत घेतले जाई आणि प्रकरण तेथे मिटल्याचे मानले जाई. ही व्यवस्था न्याय्य मुळीच नव्हती, कारण दोष कोणता हे ठरवणारे लोक आपल्याच जातीचे व लिंगाचे वर्चस्व सांभाळत असत. परंतु शिक्षा कोणी दिली, कशासाठी दिली आणि ती कधी संपली, या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्यात बहुधा मिळत असत.

इंग्रजी अमलात या चौकटीला कायद्याची कड लागली. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने, म्हणजे कंपनी सरकारच्या नियमसंहितेने, जातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी पडू नये असे ठरवले, मात्र बेकायदा कृत्याने जात व अब्रू यांना झालेल्या इजेबद्दल भरपाई मागण्याची वाट खुली ठेवली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने बदनामीची व्याख्या करताना व्यक्तीची जातीतील प्रतिष्ठा तिच्यात समाविष्ट केली. १८८३ साली मद्रास उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका खटल्यात धर्मगुरूने बहिष्काराची आज्ञा पोस्टकार्डावर लिहून पाठवली होती. जातीच्या प्रमुखाने जातीपुरता निवाडा कळवणे वेगळे आणि वाटेत कोणालाही वाचता येईल अशा उघड्या कार्डावर तो लिहिणे वेगळे, हा भेद त्या खटल्यात निर्णायक ठरला. निवाडा आणि त्याचा गाजावाजा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत व गाजावाज्याची इजा वेगळी मोजावी लागते, ही जाण एवढ्या लवकर न्यायालयात उमटली होती.

गाजावाज्याचे हे सामर्थ्य महाराष्ट्राने सर्वाधिक स्पष्टपणे पाहिले ते पुण्याच्या पंचहौद मिशन प्रकरणात. १८९० च्या ऑक्टोबरात या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली आणि तेथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्या मंडळींत होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला हाती धरून शिष्टाचार पाळला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात प्रसिद्धीस दिली आणि शहरात वादळ उठले. ख्रिस्ती माणसाच्या हातचे खाणेपिणे ब्राह्मणांसाठी धर्मबाह्य मानले जात असल्याने सनातनी पक्षाने प्रकरण शंकराचार्यांकडे नेले व त्यांनी चौकशीसाठी शास्त्रीमंडळींची नेमणूक केली. तोवर अशा वर्तनाची कुजबुज पेठेपेठेत होई आणि कालांतराने विरे. छापील यादीने मात्र ती कुजबुज गावोगावच्या वाचकांपर्यंत पोहोचवली, चहा पिणारे व न पिणारे यांना एकाच रांगेत उभे केले आणि ज्यांचा त्या शहराशी संबंध नव्हता त्यांनाही मत देण्याचा अधिकार असल्यासारखे वाटू लागले.

या प्रकरणाचे परिणाम ज्याच्या त्याच्या वाट्याला निरनिराळे आले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून शास्त्राच्याच आधारे आपली बाजू मांडली, तरी पुढे काही काळ त्यांच्या घरच्या धर्मकृत्यांना भिक्षुक, म्हणजे पौरोहित्य करणारे ब्राह्मण, मिळणे कठीण झाले. रानड्यांची कोंडी आणखी अवघड होती, कारण बहिष्काराची झळ त्यांच्यापेक्षा त्यांच्याबरोबर अडकलेल्या स्नेह्यांना अधिक बसत होती; त्यांच्यासाठी म्हणून १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले आणि त्याबरोबर सुधारक गोटातून तत्त्वच्युतीचा ठपका ओढवून घेतला. या काळातील मनस्तापाची नोंद रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत केली आहे. म्हणजे एका बाजूची नामुष्की मिटवण्यासाठी केलेली कृती दुसऱ्या बाजूच्या नामुष्कीचे कारण ठरली. जनमताचा न्याय अनेक पीठांवरून एकाच वेळी होऊ लागला की कोणत्याही एका पीठासमोर केलेली भरपाई पुरी पडत नाही, हा या प्रकरणाचा सर्वांत दूरगामी धडा होय.

ज्यांच्यासाठी प्रायश्चित्ताचे दार मुळातच नव्हते, त्यांचा इतिहास याहून कठोर आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला व त्याची आच त्यांच्या आप्तांनाही लागली. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाबतीत तर हक्काची मागणी हाच अपराध ठरला: १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्यांना गावोगावी मारहाण आणि बहिष्कार सोसावा लागला. भूमिहीन कुटुंबाला दुकानातून धान्य न मिळणे, शेतावरचे काम बंद होणे, वाट अडवली जाणे, ही शिक्षा उपासमारीचीच असते हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले होते, आणि म्हणूनच १९४७ सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा दंडनीय गुन्हा मानण्याची मागणी केली.

त्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास मोठा काळ लागला. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कृतीस प्रतिबंध करणारा कायदा केला, परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली धर्मस्वातंत्र्याच्या आधारे तो रद्द ठरवला. पुढे जातपंचायतींच्या छळाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेल्या मोहिमेतून जनमत तयार झाले, २०१६ साली राज्य विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला आणि २०१७ साली तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. हा कायदा निवाडा देणारी पंचायत समोर आहे असे गृहीत धरतो, आणि तेथेच त्याची मर्यादा आहे.

जिथे पंच दिसतच नाहीत, त्या नव्या बहिष्काराची चाहूल २०१२ च्या नोव्हेंबरातच लागली होती. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि ते लिखाण पसंत करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली आणि एका नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे त्यांच्यावरील कारवाई मागे पडली, आणि अशा अटकांना आधार देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. कायद्याने आपली चूक सुधारली, परंतु जमावाच्या रोषाविरुद्ध दाद मागण्याचे न्यायालय नव्हते. त्यानंतर हा रोष अधिक सोपा झाला आहे. स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्यावरील मजकुराचे जसेच्या तसे टिपलेले चित्र, मूळ लिखाण पुसल्यानंतरही फिरत राहते, आणि नोकरीसाठी नाव शोधणाऱ्याला माणसाच्या वर्षानुवर्षांच्या कामाआधी त्याची एक चूक दिसते.

लाजवण्याचा उपयोग दुर्बलांनीही केला आहे आणि सत्ताधाऱ्यांचा अन्याय चव्हाट्यावर आणण्याचे ते कधीकधी एकमेव साधन असते, हे नाकारता येत नाही. लैंगिक छळाविरुद्ध ज्या स्त्रियांची दखल संस्थांनी घेतली नाही, त्यांनी जाहीरपणे बोलण्याचा मार्ग पत्करला तो म्हणूनच. त्यामुळे प्रश्न बोलू द्यावे की नाही असा नसून, बोलल्यानंतर शिक्षेचे माप कोण ठरवणार असा आहे. जुन्या ग्रामण्याचे पुनरुज्जीवन कोणालाही नको, कारण त्याने दिलेला न्याय बहुतेक वेळा अन्यायच होता. तरीही प्रत्येक शिक्षेला शेवट असला पाहिजे, ही त्याच्या चौकटीतील एक जाण नव्या साधनांनी गमावली आहे आणि ती परत मिळवण्याची जबाबदारी प्रत्यक्ष माणसांवर येते: वृत्तपत्रांनी आरोपाला जेवढी जागा दिली तेवढीच निर्दोषत्वाला व क्षमायाचनेलाही देणे, कामावर ठेवणाऱ्यांनी गदारोळाच्या दडपणाखाली निर्णय न घेता संबंधिताचे म्हणणे ऐकणे, आणि दुसऱ्याच्या चुकीचा मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपणही एका निवाड्यात सही करीत आहोत हे जाणणे. दीडशे वर्षांपूर्वीच्या जातसभेत पंचांची नावे सर्वांना ठाऊक असत आणि त्यांना जाब विचारता येत असे; आजच्या निवाड्यातील पंच अनाम असले, तरी त्यांची जबाबदारी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.