मोजणी आणि संभव

एका टोपलीत सफरचंद, पेरू, केळे, डाळिंब व संत्रे अशी पाच फळे आहेत. त्यांतील कोणतीही दोन उचलून बशीत ठेवावयाची, तर किती निरनिराळ्या बशा सिद्ध होतील? पहिले फळ पाचांपैकी कोणतेही, दुसरे उरलेल्या चारांपैकी कोणतेही, म्हणजे वीस प्रकार झाले. परंतु आधी पेरू व मग केळे उचलले काय, किंवा आधी केळे व मग पेरू उचलला काय, बशी तीच राहते. म्हणून विसांचे निम्मे, दहा. आता दुसरा प्रश्न. डोळे मिटून दोन फळे उचलली, तर बशीत सफरचंद येण्याचा संभव किती? सफरचंदाच्या जोडीस उरलेल्या चारांपैकी कोणतेही फळ येऊ शकेल. म्हणून दहांपैकी चार बशांत ते असणार, आणि संभव दोन पंचमांश ठरतो. हे दोन प्रश्न सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. परंतु इतिहास पाहू जाता त्यांच्या जन्मांत कित्येक शतकांचे अंतर पडलेले आढळते. ते का पडले, याचा थोडा विचार येथे करण्याचा आमचा मानस आहे.

पहिला प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त व कषाय या सहा रसांचे मिश्रणाने किती प्रकार होतात, हे चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत मोजलेले आहे. सुटे रस 6, दोहोंच्या जोड्या 15, तिहींचे मेळ 20, चोहोंचे 15, पाचांचे 6 आणि साही मिळून 1, एकूण 63. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांचा विचार करताना सोळांपैकी चार द्रव्ये निवडण्याचे 1820 प्रकार सांगितले आहेत. इकडे छंदःशास्त्रात लघुगुरूंच्या मांडण्या मोजता मोजता दहाव्या शतकातील हलायुधाने पिंगलाच्या सूत्रांवरील टीकेत मेरुप्रस्तार विशद केला. वरच्या ओळीतील शेजारच्या दोन घरांतील अंकांची बेरीज खालच्या घरात मांडीत जावयाचे, एवढीच त्याची रीत. त्यातील एक ओळ 1, 6, 15, 20, 15, 6, 1 अशी येते. आरंभीचा एक, म्हणजे एकही रस न घेणे, वगळला की वैद्याचे 63 प्रकार कवीच्या मेरूत आपोआप सापडतात!

या साऱ्या विद्येस नेटके रूप भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 च्या सुमारास, मिळालेले दिसते. उतरत्या क्रमाने लिहिलेल्या अंकांस चढत्या क्रमाच्या अंकांनी भागावे व फलांचा क्रमाने गुणाकार करावा, हा त्यांचा नियम आजचा विद्यार्थीही वापरतो. आठ दारांच्या राजवाड्यात एक, दोन, तीन अशी दारे उघडी ठेवण्याचे 255 प्रकार त्यांनी काढून दाखविले आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. तेव्हा ही परंपरा महाराष्ट्रास परकी खासच नव्हे.

मग संभवाचा प्रश्न लीलावतीत का नाही? आपल्याकडे द्यूत नव्हते म्हणून, असे तर कोणासही म्हणता येणार नाही. महाभारतात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या दोन फांद्यांवरील फळे अंदाजाने 2095 सांगतो, नळ ती मोजून खरी असल्याची खात्री करून घेतो, आणि मग त्याच राजाकडून त्यास फाशांचे रहस्य मिळते. बेहड्याची फळेच प्राचीन काळी फासे म्हणून वापरीत, हे ध्यानी घेतले म्हणजे गणना आणि द्यूत यांचे नाते आपल्या पूर्वजांस जाणवले होते, हे कबूल करावे लागते. आमच्या मते अडचण निराळी होती. वैद्य रस निवडतो तो रोग पाहून. कवी छंद निवडतो तो कान देऊन. डोळे मिटून कोणीच निवडीत नाही. प्रत्येक प्रकार सारखाच संभवनीय आहे असे धरून चालण्याची गरज या मोजणीस कधी पडलीच नाही.

युरोपासही ही गरज उशिराच कळली. तीन फासे टाकले असता 9 ही बेरीज सहा तऱ्हांनी जुळते, व 10 हीही सहाच तऱ्हांनी. मग 10 अधिक वेळा का पडते? सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गॅलिलिओने याचा उलगडा केला. 3, 3, 3 ही तऱ्हा एकाच रीतीने पडते, पण 2, 3, 4 ही सहा रीतींनी. याप्रमाणे प्रत्येक फासा वेगळा धरून मोजले म्हणजे एकूण 216 रीतींपैकी 9 साठी 25 व 10 साठी 27 येतात.

पुढे 1654 मध्ये पास्कल व फेर्मा यांच्या पत्रव्यवहारात अर्धवट राहिलेल्या खेळाचा प्रश्न निघाला. दोघांनी 32-32 सुवर्णनाणी लावली. जो आधी तीन डाव जिंकील त्याची सर्व 64. एकाचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झाला असता खेळ मोडला, तर वाटणी कशी करावी? पास्कल म्हणतो, पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याची 64 होतील, हरला तर बरोबरी होऊन 32. म्हणजे 32 त्याची कशीही ठरलेलीच. उरलेल्या 32 चा निर्णय समसमान संभवावर आहे, म्हणून त्यांची निम्मी 16 मिळून त्याची 48, आणि दुसऱ्याची 16. असेच प्रश्न सोडविण्यास पास्कलने जो अंकांचा त्रिकोण योजिला, तो मेरुप्रस्ताराहून भिन्न नाही. साधन हलायुधाच्या हाती सातशे वर्षे आधी होते. नवा होता तो प्रश्न.

म्हणून मेरुप्रस्ताराकडे बोट दाखवून संभवगणितही आमचेच म्हणणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. आणि आपल्याकडे काहीच नव्हते असे म्हणणे हे अज्ञान होय. ज्याचे जेवढे श्रेय, तेवढे त्यास द्यावे. शिवाय ही दुसरी पायरी किती निसरडी आहे, हे विसरू नये. दालांबेरसारख्या गणितज्ञाने 1754 मध्ये असे प्रतिपादन केले, की नाणे दोनदा उडविले असता निदान एकदा छाप पडण्याचा संभव दोन तृतीयांश आहे. पहिल्यांदाच छाप, दुसऱ्यांदा छाप, किंवा मुळीच नाही, असे तीन प्रकार त्याने धरले. पण पहिल्यांदाच छाप पडण्याचा प्रकार इतर दोहोंच्या दुप्पट संभवाचा असल्यामुळे खरे उत्तर तीन चतुर्थांश येते. आपल्या घरीही दोन अपत्यांच्या कुटुंबात दोन मुलगे, दोन मुली, किंवा एक मुलगा व एक मुलगी, असे तीन प्रकार म्हणून प्रत्येकाचा संभव एक तृतीयांश, असे कोणी सहज बोलून जातो. वस्तुतः मुलगा व मुलगी यांचा संभव समान मानला, तर शेवटचा प्रकार सुमारे निम्म्या घरांत आढळावयाचा. कारण थोरला मुलगा व धाकटी मुलगी, अथवा थोरली मुलगी व धाकटा मुलगा, अशा दोन रीतींनी तो घडतो. प्रकार किती हे मोजण्याची विद्या आपल्याला वारशाने मिळालेली आहे. ते प्रकार समान तोलाचे आहेत काय, हे विचारण्याची सवय मात्र प्रत्येक पिढीस नव्याने लावून घ्यावी लागते.