गुडघ्यातलं वंगण

मंडळी, परवा पाहुण्यांबरोबर पांडवलेण्यांना गेलो आणि निम्म्या पायऱ्यांवरच गुडघ्यांनी असहकार पुकारला. शेजारी म्हणाले, "सर, वंगण संपलं तुमचं!" डॉक्टर म्हणाले, "कूर्चा झिजलीय." जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा म्हटलं, या कूर्चेचाही इतिहास असेलच की! नातवाला घेऊन शोधायला बसलो.

कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारा गुळगुळीत, लवचीक थर. त्यात मुख्य गडी दोन. एक, कोलॅजन या प्रथिनाचे दोर. दुसरा, प्रथिनाच्या दांड्याला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या. (ही चहातली साखर नव्हे हं!)

दोराचं कोडं आपल्याच देशात सुटलं. १९५४-५५ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजनची रचना मांडली. क्ष-किरणांनी तपासायला त्यांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा वापरली होती. निघाली काय, तर तीन पेडांची वेणी!

साखरेची गोष्ट हेलन म्यूर या इंग्रज बाईंची. त्यांचा जन्म मात्र १९२० सालचा, आपल्या नैनितालचा. कूर्चेतली साखर प्रथिनाला नुसती चिकटलेली नसून पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेली असते, हे त्यांनी १९५८ मध्ये लंडनहून दाखवलं. पुढे १९७२ मध्ये टिम हार्डिंगहॅम यांच्याबरोबर डुकराच्या स्वरयंत्रातली कूर्चा तपासली. बाटली धुण्याच्या ब्रशासारखे हे रेणू हायल्युरॉनिक आम्लाच्या एका लांब धाग्याला ओळीने जोडले जातात, असं दिसलं.

साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे पाणी ओढलं जातं. कूर्चा फुगू पाहते, कोलॅजनचे दोर तिला आवरून धरतात. पाय टेकला की थोडं पाणी बाहेर, उचलला की परत आत. म्हणजे आपण 'वंगण' म्हणतो ते खरं तर ओल्या स्पंजचं काम! कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून एकदा झिजली की भरून येणं अवघड.

हे वाचताना एक गोष्ट मनाला लागली. वर्गात प्लासी-पानिपतच्या सनावळ्या मी घोकून घेतल्या, पण १९५४, मद्रास, रामचंद्रन हे एकदाही फळ्यावर लिहिलं नाही. आता समोर वर्ग नाही, तुम्ही आहात. म्हणून इथे लिहिलं.

असो. पुढच्या खेपेला पाहुणे वर जातील, मी पायथ्याशी चहा घेईन. बिनसाखरेचा!