दगडावरची अक्षरं

लिऊ त्सीशिन यांच्या विज्ञान-थरार त्रयीतल्या शेवटच्या पुस्तकात, 'डेथ्स एंड'मध्ये (२०१०), मी प्लूटोपाशी थांबलो. माणसाची आठवण कोट्यवधी वर्षं टिकवायची कशी? शास्त्रज्ञांना अखेर एकच उपाय सापडतो: दगडावर अक्षरं कोरा.

हे आम्हाला नवं नाही. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. लट्टलूर म्हणजे लातूर. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला त्यांचा शिलालेखही मिळाला. हजार वर्षांपूर्वीची नावं टिकली ती दगडावर नि ताम्रपटांवर.

पण किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्याच दिवशी गणपती बुडवून गावं झोपली होती. आठ-दहा हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली. दख्खनचा खडक स्थिर, असं तोवर मानलं जाई.