पसंतीक्रम

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की घराघरांत एकच प्रश्न निघतो. "एक नंबरला मोठं कॉलेज टाकलं आणि ते मिळालं नाही, तर दोन नंबरचंही हातचं जाईल का हो?" शाळा सोडून मला बरीच वर्षं झाली, पण जून महिन्यात अजूनही कुणी ना कुणी हे विचारतंच. प्रश्न भाबडा वाटला, तरी त्याला इतिहास आहे.

आमची पिढी जुन्या अकरावी मॅट्रिकची. १९७५ साली नव्या आकृतिबंधातली पहिली दहावीची परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचं 'ज्युनिअर कॉलेज' झालं. तेव्हापासून दहावी संपली की मुलांना नवं दार ठोठावावं लागू लागलं. नाशिकमध्ये एचपीटी-आरवायके, बीवायके, केटीएचएम अशी कॉलेजं. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, यादी वेगळी. भरपूर गुण असलेल्या एकाच मुलाचं नाव तीन फलकांवर झळकायचं. तो दोन जागा सोडेपर्यंत मागची मुलं ताटकळत. पसंती मनात असायची, कागदावर नव्हे. आणि मग "तिथं कोणी ओळखीचं आहे का?" हा प्रश्न आलाच.

मुंबईत २००९ साली अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. त्याच वर्षी राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा सरकारचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. नाशिक शहरात ही पद्धत २०१७ मध्ये आली आणि २०२५ मध्ये सबंध राज्याला लागू झाली. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजं क्रमाने लिहायची.

या पद्धतीत आधी गुण पाहतात, मग पसंती. गुणवत्ता यादीत ज्याचा नंबर वर, त्याची यादी आधी उघडते. त्याच्या पहिल्या कॉलेजात जागा असेल तर ती मिळते, नसेल तर दुसरं, मग तिसरं. म्हणजे पहिलं हुकलं म्हणून दुसऱ्या ठिकाणचा तुमचा हक्क कमी होत नाही. तिथंही तुमच्या गुणांनीच तुम्ही उभे असता.

मग ती भीती खोटी म्हणायची का? इथे खोटी, पण अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ती अगदी खरी होती. तिथल्या सरकारी शाळा आधी फक्त पहिली पसंती लिहिणाऱ्यांना जागा देत आणि उरल्या तर दुसऱ्या पसंतीच्या मुलांकडे वळत. नावाजलेली शाळा पहिली लिहून हुकली, की दुसरी तोवर भरलेली. जाणकार पालक हिशेब करून, मनातली शाळा लपवून यादी भरत; ज्यांना ही खोच ठाऊक नव्हती, त्यांची मुलं मागे राहत. २००५ साली बोस्टनने ती रीत सोडली. खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान होऊ नये, अशी पद्धत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी १९६२ सालीच मांडलेली होती. शॅपली आणि अशा पद्धती प्रत्यक्ष शाळांत उतरवणारे अल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे एक अट मात्र विसरू नये. २०२५ च्या नियमांत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घेणं बंधनकारक होतं. न घेणारा पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसरं किंवा त्याखालचं लागलं, तर थांबून पुढची फेरी पाहता येई. तेव्हा शेजाऱ्यांना सांगायला बरं दिसतं म्हणून एक नंबर भरू नये. जिथं लेकरू खरंच रोज जाईल, तेच नाव तिथं हवं.

हे 'रोज जाणं' नाशिक शहरात सोपं आहे. सुरगाणा, पेठच्या पाड्यावरच्या मुलीची पसंती कॉलेजच्या नावावर ठरत नाही. सकाळची एसटी आणि वसतिगृहातली खाट यांवर ठरते. यंत्राला तिचे गुण कळतात, एसटीची वेळ कळत नाही. ती तिच्या यादीत तिनंच धरायची असते. म्हणून तिच्या शेजारी बसून दहा नावं लावून देणारं कोणी असेल, तर त्यानं आधी नियम नीट वाचावा आणि मग तिला विचारावं. पूर्वी ओळखीवाल्याचं पोर पुढं जायचं. आता नियम माहीत असणाऱ्याचं जातं, आणि नियम निदान सगळ्यांना सांगता येतो.