मांजराला डायबिटीस झालाय? घरी इन्सुलिन देताना साखर वाढण्यापेक्षा घसरण्याला का घाबरायचं?

पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा रिकामं होऊ लागतं. लिटर बॉक्समधले ओले गोळे आधीपेक्षा मोठे दिसतात. मांजर सारखं खायला मागतं, तरी पाठीवरून हात फिरवला की हाडं लागतात. काही मांजरं मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालायला लागतात. बऱ्याच घरांत हे सगळं उन्हाळ्यावर किंवा वयावर ढकललं जातं. मग रक्ततपासणी होते आणि व्हेट सांगतात की डायबिटीस आहे, आता दर १२ तासांनी इन्सुलिन टोचायचं.

मांजरांमधला डायबिटीस बहुतेक वेळा माणसातल्या टाइप-२ शी मिळताजुळता असतो. वाढलेलं वजन, घरातल्या घरात बसून राहणं आणि उतारवय ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी. नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये तो जास्त दिसतो. त्वचेच्या किंवा दम्याच्या त्रासासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळेही साखर चढू शकते, त्यामुळे आधीची सगळी औषधं व्हेटना सांगायला हवीत. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर तेवढ्यापुरती खूप वाढते. म्हणून व्हेट एका आकड्यावर न थांबता लघवीतली साखर पाहतात किंवा फ्रुक्टोसमीन ही तपासणी सांगतात. तिच्यातून मागच्या दोनेक आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो.

चांगली बातमी अशी, की वेळेत उपचार सुरू झाले तर अनेक मांजरांची इन्सुलिनची गरज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपते. याला रेमिशन म्हणतात. पण तिथवर पोहोचेपर्यंतचे पहिले काही आठवडे घरच्यांच्या हातात असतात.

लाल टोपी की केशरी टोपी?

भारतात सर्वांत घातक चूक इथे होऊ शकते. इथल्या मेडिकल दुकानांत दोन तीव्रतेचं इन्सुलिन मिळतं. माणसांसाठीच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीलीटरमध्ये ४० युनिटच्या असतात आणि त्यांच्या सिरिंजला लाल टोपी असते. मांजरांना अनेकदा दिलं जाणारं ग्लार्जिन मात्र १०० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज केशरी टोपीची. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ‘१’ च्या खुणेपर्यंत भरलं, तर मांजराच्या अंगात एक नाही, अडीच युनिट जातात. चार-पाच किलोच्या जिवाचा सुरुवातीचा डोस अनेकदा एक युनिटच्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं की अडीच युनिटचा अर्थ कळतो. उलट अदलाबदल झाली तर डोस निम्म्याहूनही कमी पडतो.

दुकानदार ‘हीच चालेल’ म्हणाला तरी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय डोस भरू नये. मांजर ज्या इन्सुलिनवर आहे ते संपलं म्हणून आजोबांच्या बाटलीतलं तर अजिबातच नको. ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा दुसरं इन्सुलिन मिसळायचं नसतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं.

टोचणं हा त्यामानाने सोपा भाग. सुई इतकी बारीक असते, की खाण्यात गुंतलेल्या बहुतेक मांजरांना ती फारशी कळतही नाही. कुशीची किंवा मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, तयार झालेल्या घडीत सुई घालायची आणि दट्ट्या दाबायचा. जागा रोज थोडी बदलावी. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत, कारण त्या सफाई कामगारांच्या हाताला लागतात. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून त्या दवाखान्यात परत द्याव्यात.

डोस द्यायचा की नाही, अशी शंका आली तर?

देऊ नये. एक दिवस साखर वाढलेली राहिली तर सहसा फार बिघडत नाही. साखर फार खाली गेली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून आधी खाणं, मग सुई. मांजराने खाल्लं नसेल किंवा उलटी केली असेल, तर व्हेटना विचारल्याशिवाय डोस देऊ नये. टोचताना मांजर उडालं, केस ओले लागले, डोस आत गेला की बाहेर हे कळेना, तरी पुन्हा टोचू नये. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. घरात दोघं जण टोचत असतील तर फ्रिजवर कागद चिकटवून वेळ लिहावी. ‘मला वाटलं तू दिलं नाहीस’ म्हणत दोनदा टोचलं जाणं अगदी सहज घडू शकतं.

साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली जाणं धोक्याचं. मांजर झिंगल्यासारखं चालतं, थरथरतं, हाक मारली तरी लक्ष देत नाही, शेवटी फिट येते. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्यावं. खात नसेल तर मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जातं. थोडं सावरलं तरी त्याच वेळी दवाखाना गाठावा, कारण इन्सुलिनचा असर अजून उतरलेला नसतो.

घरी साखर मोजता येते. कानाच्या कडेला टोचून रक्ताचा एक थेंब पुरतो. माणसांचा ग्लुकोमीटर मांजरांमध्ये बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून कोणतं यंत्र वापरताय ते व्हेटना सांगावं. एका आकड्यावरून स्वतःच डोस वाढवण्याचा मोह मात्र टाळावा.

दूध-भात बंद?

हो. मांजर मुळात मांसाहारी. भात, पोळी, दूध यांतल्या पिष्ट आणि साखरेची त्याला गरज नसते. कोरड्या दाण्यांच्या खाद्यातही पिष्ट बरंच असतं, त्याशिवाय दाणा बांधलाच जात नाही. प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी असलेलं ओलं खाद्य बरं. फक्त उकडलेलं चिकन किंवा मासे महिनोन् महिने देणंही बरोबर नाही, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं. आणि हा बदल व्हेटना न सांगता एका रात्रीत करू नये. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही घटते आणि कालचाच डोस आज जास्त ठरू शकतो.

गोळ्यांचं काय? अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही मांजरांसाठीची गोळी मंजूर केली. आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना ती द्यायची नसते. तिच्यामुळे साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन साचण्याचा धोका असतो. त्यामुळे घरातल्या माणसाची त्याच जातीची गोळी अर्धी करून देणं हा जुगाड नको. मांजराने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, ते कोपऱ्यात मलूल पडून राहिलं, तर कारण कीटोन असू शकतं. मग ते इन्सुलिनवर असो वा गोळीवर, सकाळपर्यंत थांबू नये.

गणपतीला गावी जायचं असेल तर तिकिटांच्या आधी सुई टोचणारं माणूस शोधावं लागतं. शेजारी असोत की पेट सिटर, त्यांनी निघण्याआधी दोन-तीन डोस घरच्यांसमोर दिलेले असावेत. फ्रिजवरच्या कागदावर व्हेटचा फोन नंबर आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा पत्ता लिहून ठेवावा, आणि मधाची बाटली शेजारीच.