तबकडीचा इतिहास आणि मुलाचा हात

मी शाळेंत इतिहास शिकविणारा एक सेवानिवृत्त मास्तर. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. पुढचें जें कांहीं शिकलों तें मुलांच्या संगतींत. तेव्हां तबकडी फेकण्याच्या एका अमेरिकन खेळाविषयीं मी बोलूं लागलों, तर आपणांस थोडें नवल वाटेल. परंतु या खेळानें मला उतारवयांत एक धडा दिला, आणि तो धडा इतिहासाचाच असल्यामुळें आपणांपुढें मांडावासा वाटतो.

माझी मुलगी कॅलिफोर्नियांत असते. तिच्या घरीं मी कांहीं महिने राहिलों होतों. नातू तेव्हां आठ वर्षांचा होता. घराजवळच्या बागेंत झाडांच्या अधूनमधून लोखंडी खांब रोवलेले. प्रत्येक खांबाला वरून साखळ्या लोंबत असत आणि खालीं एक लोखंडी टोपली असे. मोठीं माणसें दुरून तबकड्या फेकीत, आणि तबकडी साखळ्यांवर आदळून टोपलींत पडली कीं छन्‌ असा आवाज होई. या खेळास तेथें डिस्क गोल्फ म्हणतात. गोल्फमध्यें चेंडू कमींत कमी टोल्यांत भोकांत घालावयाचा, येथें तबकडी कमींत कमी फेकींत टोपलींत टाकावयाची, इतकाच फरक. नातवानें हट्ट धरला, "आजोबा, मला पण तबकड्या घ्या."

मी दुकानांत गेलों. तेथें शेकडों तबकड्या मांडलेल्या. मी कोणासही कांहीं न विचारतां ज्या सर्वांत दूर जातात म्हणून लिहिलें होतें अशा तीन निवडल्या. कांठ धारदार, वजन प्रत्येकीं पाऊणदोनशें ग्रॅम. चांगली वस्तु म्हणजे मोठ्यांची वस्तु, असा माझा भाबडा हिशेब. दुसऱ्या दिवशीं पोरानें जीव एकवटून तबकडी फेकली. ती दहा पावलें गेली, डावीकडे कलली आणि जमिनींत रुतली. तिन्ही तबकड्यांची तीच गत. चार दिवस हाच प्रकार चालला. पांचव्या दिवशीं त्यानें तबकड्या पायरीवर ठेवल्या आणि म्हणाला, "आजोबा, मला नाहीं जमायचें. माझा हातच वाईट आहे."

श्रोतेहो, हें वाक्य मीं वर्गांत पुष्कळदां ऐकलें आहे. मुलाला न पेलणारें गणित दिलें कीं तें "गणित कठीण आहे" असें म्हणत नाहीं. "मी ढ आहे" असें म्हणतें. चूक देणाराची असते आणि शिक्षा घेणारा स्वतःला करून घेतो. या वेळीं देणारा मीच होतों. तें शल्य मनांत घेऊन मी त्या तबकडीचा इतिहास वाचावयास बसलों.

चकती फेकण्याची हौस फार जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्यें थाळीफेक हा ऑलिंपिक खेळांचा भाग होता, आणि आपल्याकडे तर सुदर्शनचक्र लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु थाळी ही ताकद आजमावण्याची वस्तु, आणि चक्र हें शस्त्र. हवेवर तरंगणाऱ्या खेळण्याचा जन्म झाला तो अगदीं साध्या ठिकाणीं, म्हणजे स्वयंपाकघरांत. अमेरिकेंतील कनेटिकट संस्थानांत ब्रिजपोर्ट गांवीं विल्यम रसेल फ्रिस्बी यांनीं १८७१ मध्यें पाय नांवाच्या पक्वान्नाची भट्टी काढली. पाय खाऊन झाले कीं त्यांच्या पत्र्याच्या रिकाम्या थाळ्या पोरें एकमेकांकडे भिरकावीत. येल विद्यापीठाचे विद्यार्थी यांत पुढें होते असें सांगतात. कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांतांत ब्लॅडवर्थ येथील शाळकरी मुलांनीं १९२६ मध्यें डब्यांचीं झांकणें नेमलेल्या लक्ष्यांवर फेकून गोल्फसारखा खेळ मांडला होता. या खेळाचे पहिले ज्ञात खेळाडू शाळेंतलीं मुलें होतीं आणि त्यांचें साधन डब्याचें झांकण होतें, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन या गृहस्थाकडे येऊं. १९३७ मध्यें हा तरुण आपल्या भावी पत्नीबरोबर पॉपकॉर्नच्या डब्याचें झांकण फेकण्याचा खेळ खेळे. झांकणाला पोंचे पडूं लागले तेव्हां दोघांनीं केक भाजण्याची थाळी घेतली. १९३८ मध्यें सँटा मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर तें खेळत असतांना एका माणसानें त्या थाळीचे पंचवीस सेंट देऊं केले. दुकानांत तीच थाळी पांच सेंटांस मिळे! मॉरिसनच्या डोक्यांत धंद्याचा दिवा लागला तो येथें. दुसऱ्या महायुद्धांत तो लढाऊ विमानाचा वैमानिक झाला, शत्रूच्या कैदेंतही राहिला. पण हवा पंखाला कशी उचलून धरते तें ज्ञान त्याला विमानानें दिलें. १९४६ मध्यें त्यानें तबकडीचा आराखडा काढला. १९४८ मध्यें वॉरन फ्रान्सिऑनी या भागीदाराबरोबर त्यानें प्लॅस्टिकची तबकडी बाजारांत आणली, आणि १९५५ मध्यें बाहेरच्या कडेकडे उतरती होत जाणारी सुधारलेली तबकडी काढली. जानेवारी १९५७ मध्यें त्यानें तिचे हक्क व्हॅम-ओ या कंपनीस विकले. कंपनीनें त्याच वर्षीं तिला फ्रिस्बी हें नांव दिलें. पायच्या त्या जुन्या थाळ्यांची आठवण अशी टिकली. मौज अशी कीं मूळची पायची भट्टी पुढल्याच वर्षीं, १९५८ मध्यें, बंद झाली.

यानंतरचा पुरुष एड हेड्रिक. १९६४ च्या सुमारास यानें तबकडीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कंगोरे काढले आणि कड जड केली. त्यामुळें ती हवेंत थरथरेनाशी झाली. या सुधारणेचें पेटंट त्याला १९६७ मध्यें मिळालें. १९७५ मध्यें लॉस एंजेलिसजवळच्या ला कन्याडा फ्लिंट्रिज येथील ओक ग्रोव्ह बागेंत त्यानें डिस्क गोल्फचें पहिलें कायमचें मैदान आंखलें. आरंभीं लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली कीं नाहीं यावर तंटे होत. म्हणून त्यानें साखळ्या आणि टोपली यांची युक्ति काढली. साखळी तबकडीचा वेग गिळते, टोपली तिला झेलते, आणि साक्षीदाराचें काम आवाज करतो. या युक्तीचें पेटंट १९७७ चें. खेळाची संघटना त्यानेंच १९७६ मध्यें स्थापन केली. २००२ मध्यें तो वारला तेव्हां त्याच्या इच्छेप्रमाणें त्याची रक्षा कांहीं तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्यें मिसळण्यांत आली. अस्थि गंगेंत सोडणाऱ्या आपल्या लोकांस हें चमत्कारिक वाटेल, पण निष्ठा निष्ठाच.

येथवर तबकडी म्हणजे गोल कांठाचें, जाड, सौम्य झांकणच होतें. १९८३ मध्यें डेव्ह ड्युनिपेस यानें इनोव्हा कंपनीसाठीं तिचा कांठ बाहेरून तासून निमुळता केला. हवा कापीत जाणारी ती तबकडी पूर्वीपेक्षां फारच दूर जाऊं लागली. तेथून पुढें कांठ अधिक रुंद, अधिक धारदार आणि वेग अधिक, अशी चढाओढ लागली. दुकानांत मीं ज्या तीन तबकड्या उचलल्या त्या या चढाओढीच्या शेवटच्या टोकाच्या होत्या. ज्या मुलानें अजून डब्याचें झांकण फेकलें नव्हतें त्याच्या हातीं मीं शंभर वर्षांचा इतिहास एकदम ठेवला होता!

तबकडी अशी कां पडते, तें आपल्या भोंवऱ्यावरून समजावून घेतां येईल. भोंवरा जोरानें फिरतो तोंवर आरेवर ताठ उभा राहतो; गति मंदावली कीं डोलूं लागतो आणि कलंडतो. तबकडीसही दोन गोष्टी लागतात, पुढें जाण्याचा वेग आणि स्वतःभोंवतीं फिरण्याची गिरकी. उजव्या हातानें, हात छातीपुढून आडवा आणून फेकलेली तबकडी वरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरते. तिचा वेग कमी झाला कीं हवेचा उचलता जोर तिच्या पुढल्या भागाकडे सरकतो; आणि फिरत्या वस्तूचा धर्मच असा कीं हा जोर तिचें तोंड वर न करतां तिला डावीकडे कलवितो. डावखुऱ्या मुलाच्या बाबतींत सारें उलट, म्हणजे तबकडी उजवीकडे कलते. रुंद व धारदार कांठाच्या तबकडीला सरळ जाण्यासाठीं मुळांतच मोठा वेग हवा असतो. लहान हात तो देऊं शकत नाहीं, म्हणून ती सुटतांच मंद तबकडीसारखी वागते आणि डावीकडे आपटते. माझ्या नातवाचा हात वाईट नव्हता; तबकडीची मागणी अवास्तव होती.

ही मागणी ओळखण्यासाठीं पुष्कळ तबकड्यांवर चार आंकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, म्हणजे तिला किती वेग लागतो तो. दुसरा तरंगण्याचा. तिसरा आरंभीं उजवीकडे झुकण्याचा. हा बहुधा शून्य किंवा ऋण असतो. चवथा शेवटीं डावीकडे वळण्याचा. मुलासाठीं पहिला आंकडा लहान, दुसरा मध्यम किंवा मोठा, तिसरा शून्य किंवा किंचित्‌ ऋण आणि चवथा शून्य किंवा एक असावा. एव्हिअर नांवाच्या जवळच्या फेकीच्या तबकडीचे आंकडे दोन, तीन, शून्य, एक असे आहेत. बझ या मध्यम पल्ल्याच्या तबकडीचे पांच, चार, उणें एक, एक. लेपर्ड या दूरच्या फेकीच्या पण सौम्य तबकडीचे सहा, पांच, उणें दोन, एक. ज्यांच्या वेगाचा आंकडा नऊ किंवा त्याहून मोठा आहे, त्यांच्याकडे लहान मुलाच्या पालकानें पाहूंही नये.

आतां वजन. संघटनेच्या नियमाप्रमाणें तबकडीचा व्यास एकवीस सेंटिमीटरहून कमी असूं नये, आणि वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरमागें ८.३ ग्रॅमहून अधिक असूं नये. म्हणून मोठ्यांच्या तबकड्या १७० ते १८० ग्रॅमच्या आसपास भरतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला १३० ते १५० ग्रॅमची तबकडी पुष्कळ झाली. त्याहून लहान असेल तर आणखी हलकी पहावी. हलकी तबकडी थोड्या जोरानें अधिक वेळ तरंगते. मात्र वारा तिला लौकर हलवितो, म्हणून आरंभीं निवाऱ्याची वेळ धरावी.

तिसरी गोष्ट पकड. दुकानांत मुलाला बरोबर न्यावें आणि तबकडी त्याच्या हातांत द्यावी. अंगठा वर, बोटें खालीं आणि बोटांचीं टोकें कांठाच्या आंतल्या बाजूला सहज टेकलीं पाहिजेत. टेकत नसतील तर कांठ त्या हाताला रुंद आहे. साध्या, स्वस्त प्लॅस्टिकची तबकडी हाताला चांगली धरतां येते. झाडांवर आपटून ती लौकर झिजते खरी, पण झिजलेली तबकडी वळण्यांत मऊ होते आणि मुलाच्या पथ्यावरच पडते. रंग नारिंगी, गुलाबी किंवा पिवळा घ्यावा. हिरवी तबकडी गवतांत हरवते, आणि मग खेळाचा अर्धा वेळ शोधण्यांत जातो. शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. तबकडी दिसायला खेळणें असली तरी तिचा कांठ डोळ्याला किंवा दाताला इजा करूं शकतो. समोर माणूस असेल तर फेकावयाचें नाहीं, हा नियम पहिल्या फेकीआधीं शिकवावा.

किती घ्याव्यात? आरंभीं एकच, ती जवळच्या फेकीची. तिनें पंधरावीस पावलांवरून खांब साधूं लागला कीं दुसरी, मध्यम पल्ल्याची. तीही सरळ जाऊं लागली, आणि मुलानें आपण होऊन "आणखी दूर जाणारी हवी" असें म्हटलें, म्हणजे तिसरी. आधीं झांकण, मग गोल कांठाची तबकडी, मग निमुळत्या कांठाची, हा तिच्या इतिहासाचा जो क्रम, तोच शिकणाऱ्याचा क्रम. माणसाला जें शोधून काढावयास पन्नास वर्षें लागलीं तें मूल पन्नास संध्याकाळींत शिकेल. पण मधली पायरी गाळून मात्र शिकणार नाहीं.

मी पुन्हां दुकानांत गेलों, या वेळीं नातवाला घेऊन. त्यानें १४० ग्रॅमची एक नारिंगी तबकडी स्वतः निवडली. खांबापासून पांच पावलांवर मीं त्याला उभें केलें. पहिल्या कांहीं फेकी चुकल्या. मग एक तबकडी साखळ्यांत शिरली आणि छन्‌ असा आवाज झाला. त्यानें वळून माझ्याकडे पाहिलें. मग कांहीं न बोलतां तबकडी उचलली आणि आपण होऊन सहाव्या पावलावर जाऊन उभा राहिला. मीं त्या जुन्या तीन तबकड्या टाकून दिल्या नाहींत. माळ्यावर ठेवून त्याला सांगितलें, "या तुझ्याच आहेत. तुझा हात त्यांच्याएवढा झाला कीं काढूं. तोंवर वाट पहाण्याचें काम त्यांचें, तुझें नव्हे."

श्रोतेहो, मुलाच्या हातीं आपण तबकडी देऊं, पुस्तक देऊं किंवा तंबोरा देऊं. देण्यापूर्वीं त्याचा हात एकदां आपल्या हातांत घेऊन पहावा, इतकीच माझी विनंती आहे. ही गोष्ट मला साठी उलटल्यावर एका पोरानें पायरीवर ठेवलेल्या तीन तबकड्यांनीं शिकविली. आपणांस ती आधींच समजावी, म्हणून हा प्रपंच केला.