घोडा नसलेलं पिस्तूल: हॅमर सोडून स्ट्रायकरकडे वळताना नेमकं काय बदलतं?

लॉस एंजेलिस काउंटीचं शेरीफ खातं हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं शेरीफ खातं. २०१२ मध्ये इथल्या पोलिसांच्या हातून चुकून गोळी सुटण्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या. २०१४ मध्ये हा आकडा ३० वर गेला. दोन वर्षांत सगळे पोलीस अचानक बेफिकीर झाले, असं काही घडलं नव्हतं. बदललं होतं ते त्यांच्या कमरेचं पिस्तूल.

आधी त्यांच्याकडे इटालियन कंपनीचं बेरेटा ९२ होतं. त्याच्या जागी स्मिथ अँड वेसन कंपनीचं एम अँड पी आलं. पहिलं हॅमरवर चालणारं, दुसरं स्ट्रायकरवर. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेतली बहुतेक पोलीस खाती, सैन्य आणि परवानगीने पिस्तूल बाळगणारे असंख्य सामान्य लोक याच वाटेने गेले आहेत. जुनं हॅमरवालं पिस्तूल दुकानात द्यायचं, वर थोडे पैसे भरायचे आणि स्ट्रायकरवालं घ्यायचं. हा सौदा दिसतो तितका साधा का नाही, ते समजून घेऊ.

आधी हॅमर आणि स्ट्रायकर म्हणजे काय?

बोटाने ओढतो तो चाप. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला वर आलेला, अंगठ्याने मागे ओढता येणारा भाग म्हणजे हॅमर. मराठीत त्याला घोडा म्हणतात. बोलताना चाप आणि घोडा यांची सर्रास सरमिसळ होते आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. चाप ओढला की हा घोडा स्प्रिंगच्या जोराने पुढे आपटतो, फायरिंग पिनला ठोका देतो, पिन काडतुसाच्या बुडातल्या स्फोटक टोपीवर आदळते आणि गोळी सुटते.

स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात हा घोडाच नसतो. स्लाईडच्या आत स्प्रिंग लावलेली एक जाड पिन असते, तीच स्ट्रायकर. चाप ओढला की ती सुटते आणि थेट टोपीवर आदळते. कॅरमच्या स्ट्रायकरचं नाव घेतलं तरी चालेल, काम तसंच आहे.

ही कल्पना काही नवी नाही. जर्मनांचं प्रसिद्ध लुगर पिस्तूल स्ट्रायकरवरच चालायचं. पण हा प्रकार जगभर पोहोचवला तो ग्लॉकने. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं, तेव्हा गास्टन ग्लॉक या कारखानदाराने त्याआधी एकही पिस्तूल बनवलेलं नव्हतं. १९८२ मध्ये त्याचंच ग्लॉक १७ निवडलं गेलं. प्लास्टिकसारख्या पॉलिमरची बॉडी, १७ गोळ्यांचं मॅगझिन आणि बाहेर कुठेही सेफ्टीचा खटका नाही. त्यातली सेफ्टी आत आहे: चापावरची छोटी पट्टी दाबली गेल्याशिवाय चाप मागे जात नाही, आणि चाप मागे गेल्याशिवाय पिन सुटत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ग्लॉक हलकं असतं ते पॉलिमरमुळे, स्ट्रायकरमुळे नव्हे. पॉलिमरची हॅमरवाली पिस्तुलंही बाजारात आहेत. वजन कमी करायचं एवढाच हेतू असेल, तर घोडा सोडायची गरज नाही.

खरा फरक बोटाला कळतो

बेरेटा ९२ मध्ये पहिल्या गोळीसाठी चाप ओढताना दोन कामं होतात. घोडा मागे जातो आणि मग सुटतो. त्यासाठी सुमारे १२ पौंड, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा जोर लागतो आणि बोटाला लांब अंतर कापावं लागतं. पहिली गोळी सुटली की स्लाईड घोड्याला मागेच ठेवते. त्यामुळे दुसऱ्या गोळीपासून निम्म्याहून कमी जोर पुरतो.

याचा तोटा नेमबाजाला लगेच जाणवतो. पहिली आणि दुसरी गोळी म्हणजे जणू दोन वेगळी पिस्तुलं. पहिल्या जड ओढीत नेम खाली किंवा बाजूला जातो. नवशिक्यांना, विशेषतः लहान हाताच्या लोकांना, हे जमवायला वेळ लागतो. स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात चाप दर वेळी सारखाच लागतो. ग्लॉकमध्ये साधारण साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो. एकच ओढ शिकायची आणि तीच घोटायची. शिवाय सुटे भाग कमी, देखभाल सोपी आणि किंमतही बहुधा कमी. हजारो लोकांना शिकवणाऱ्या खात्याला आणखी काय हवं?

पण त्या जड पहिल्या ओढीचा एक फायदा होता, जो कोणी कागदावर लिहून ठेवला नव्हता. माणूस दचकला, अडखळला किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडायला गेला, की पिस्तूल धरलेली मूठही आपोआप आवळली जाते. बोट चापावर असेल तर साडेपाच किलोची लांब ओढ बऱ्याचदा पूर्ण होत नाही. अडीच-तीन किलोची आखूड ओढ सहज पूर्ण होते.

लॉस एंजेलिसमध्ये नेमकं हेच झालं. बेरेटाच्या काळात तिथल्या पोलिसांना शिकवलं होतं की पिस्तूल समोरच्यावर रोखलं की बोट चापावर ठेवायला हरकत नाही. वर्षानुवर्षं हीच सवय पक्की झालेली. नव्या पिस्तुलासाठी नियम बदलला: गोळी झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाबाहेरच. नियम एका दिवसात बदलता येतो, बोट नाही. त्यात पिस्तुलाखाली लावलेल्या टॉर्चची भर पडली. काही घटनांमध्ये पोलिसांनी सांगितलं की टॉर्चचं बटण दाबायला गेलो आणि चाप दाबला गेला. खात्याचं म्हणणं होतं की प्रशिक्षण मुरलं की आकडा खाली येईल. पण प्रशिक्षण मुरण्याआधी पिस्तुलं वाटून झाली होती, हे तर खरंच.

न्यूयॉर्कचा उलटा प्रयोग

न्यूयॉर्क पोलिसांनी ही भीती आधीच ओळखली होती. १९९० च्या दशकात रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलांकडे जाताना त्यांनी ग्लॉकला मान्यता दिली, पण चाप मुद्दाम १२ पौंडांचा करून घेतला. म्हणजे स्ट्रायकर घेतला आणि त्याला जुन्या घोड्याइतकं जड केलं.

त्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. जड चापाने नेम हलतो. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका बंदूकधाऱ्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो ठार झाला, पण पोलिसांच्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी रस्त्यावरचे ९ सामान्य लोक जखमी झाले. गर्दीत, काही फुटांवरून झालेल्या अशा चकमकीत चापाचा दोष किती आणि घाबरण्याचा किती, हे वेगळं करता येत नाही. तरी जड चापावर टीका झालीच. अखेर २०२१ पासून नव्या भरतीतल्या पोलिसांना हलका चाप मिळू लागला.

सैन्याचा सौदा आणि पी ३२० चा वाद

अमेरिकी सैन्यात बेरेटा पिस्तूल एम ९ या नावाने १९८५ पासून होतं. जानेवारी २०१७ मध्ये सैन्याने त्याच्या जागी सिग सॉअर कंपनीचं स्ट्रायकरवालं पी ३२० निवडलं. एम १७ आणि एम १८ ही त्याची सैनिकी रूपं. करार ५८ कोटी डॉलरपर्यंतचा. याच कंपनीच्या सिग ७१६ रायफली भारतीय लष्करानेही घेतल्या आहेत.

ग्लॉकने या निर्णयाला आव्हान दिलं आणि ते फेटाळलं गेलं. तेव्हा बाहेर आलेल्या आकड्यांनुसार सिगची बोली सुमारे १७ कोटी डॉलरची होती, ग्लॉकची सुमारे २७ कोटींची. सैन्याने एक अट मात्र सोडली नाही: बाहेरून अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका हवाच. स्ट्रायकर घेतला, पण जुनी कडी काढली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पी ३२० च्या नागरी आवृत्तीची अडचण समोर आली. विशिष्ट कोनात खाली पडलं तर त्यातून गोळी सुटू शकते, असं चाचण्यांत दिसलं. कंपनीने आतले काही भाग आणि चाप बदलून देण्याची मोफत योजना आणली. त्यानंतरही चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी आणि खटले चालूच राहिले. कंपनी हे ठामपणे नाकारते. काही खटल्यांत ज्युरींनी कंपनीविरुद्ध कौल दिला, काही खटले टिकले नाहीत.

जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधल्या हवाई दलाच्या तळावर एका जवानाचा एम १८ च्या गोळीने मृत्यू झाला आणि हवाई दलाच्या एका कमांडने या पिस्तुलाचा वापर थांबवला. सोशल मीडियावर 'आपोआप गोळी सुटली' असा निकाल लागूनही गेला. ऑगस्टमध्ये याच प्रकरणात दुसऱ्या एका जवानाला अटक झाली, तपासणीनंतर पिस्तूल पुन्हा वापरात आलं. एका पिस्तुलाच्या वादावरून सगळ्या स्ट्रायकरवाल्यांना दोषी धरणं जितकं चूक, तितकंच सगळ्यांना एकसारखं सुरक्षित समजणंही चूक. ग्लॉकमध्ये स्प्रिंग आधी अर्धवटच ताणलेली असते, बाकीची चाप ओढल्यावर ताणली जाते. पी ३२० मध्ये ती जवळजवळ पूर्ण ताणलेली असते. दोन्हींना स्ट्रायकर म्हणतात, पण आतला मामला वेगळा.

मग एखाद्याने बदलावं का?

अमेरिकेत हा प्रश्न विचारणारा माणूस सहसा किंमत आणि गोळ्यांची संख्या बघतो. त्याआधी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पिस्तूल खिशात-कमरेला बाळगायचं असेल, तर ते होल्स्टरमध्ये परत ठेवण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकली तर हॅमरवाल्या पिस्तुलात अंगठा घोड्यावर ठेवून तो मागे सरकतोय का, हे कळतं. स्ट्रायकरवाल्यात अंगठ्याला काहीच कळत नाही. त्यामुळे चाप पूर्ण झाकणारा कडक होल्स्टर लागतो, मऊ कापडी चालत नाही.

दुसरी गोष्ट साफसफाईची. ग्लॉक उघडण्यासाठी आधी चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजणाऱ्याच्या नळीत एक गोळी राहिलेली असते आणि ती भिंतीत किंवा पायात जाते. बेरेटा किंवा पी ३२० उघडायला चाप ओढावा लागत नाही.

खर्चही दुकानदार सांगतो तेवढाच नसतो. जुन्या पिस्तुलाला बदल्यात कमी भाव मिळतो, जुनी मॅगझिन आणि होल्स्टर बसत नाहीत आणि नवी सवय लागेपर्यंत सरावाच्या शेकडो गोळ्या विकत घ्याव्या लागतात. जो वर्षातून एकदा रेंजवर जातो आणि ज्याच्या बोटाला जुन्या जड चापाची वीस वर्षांची सवय आहे, त्याच्यासाठी आहे तेच पिस्तूल बरं. नव्याने शिकणाऱ्याला मात्र स्ट्रायकर सोपा जातो, कारण त्याला जुनं काही विसरायचं नसतं.

भारतात हा सौदा असा दुकानात होत नाही. सैन्यात वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं ईशापूरच्या कारखान्यातलं ९ एमएम १ए हे ब्राउनिंगच्या धर्तीवरचं हॅमरवालं पिस्तूल, तर एनएसजीच्या कमांडोंकडे ग्लॉक १७ दिसतं. सामान्य परवानाधारकाला ९ एमएम हा बोअर निषिद्ध आहे, त्यामुळे त्याची निवड बहुतेक वेळा .३२ च्या पिस्तुलांपुरती राहते. तेही बदलायचं तर आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी आणि परवान्यावर नव्या शस्त्राची नोंद लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हणून ज्याच्याकडे आधीच दोन आहेत, त्याला तिसरं घेऊन आधी वापरून बघू, ही सोयही नाही.